फाटा ओलांडायला किती वेळ लागतो?

आज माइकपुढं आम्ही सहाजणी बसलोय. आमच्या बचत गटातल्या बाकीच्या घरी रेडिओ लावून बसल्या असतील. एकीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये दुरुस्ती करायची असं ठरवून आलोय, म्हणून ऐकताना सगळ्या गटाचंच बोलणं समजा.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या एका फाट्याकाठच्या गावच्या. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. एक तर आज कोणाची तक्रार करायला आलेलो नाही. दुसरं म्हणजे आमचा फाटा आणि तुमचा फाटा यात फार फरक नसावा. आपल्या जिल्ह्यातून अकोला, वाशिम, हिंगोली, कळमनुरी, नांदेड असा १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. नागपूर, यवतमाळकडून तुळजापूरला जाणारा ३६१ नंबरचा येतो. दोन्ही वारंगा फाट्याला भेटतात. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं तरी फाटा, नर्सीला नामदेव महाराजांकडे जायचं तरी फाटा, वसमतच्या मोंढ्यावर हळद न्यायची तरी फाटा. पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात गावाचा पत्ता सांगतानासुद्धा आपण आधी फाटाच सांगतो. म्हणून म्हटलं, त्याच्याबद्दल एकदा नीट बोलावं.

आधी आमचा फाटा कसा आहे ते सांगतो. पूर्वी रस्ता लहान होता आणि गावाच्या रस्त्याच्या बरोबरीनं होता. मग तो मोठा झाला. भर टाकली, मुरूम टाकला, वर डांबर आलं, आणि मोठा रस्ता आमच्या रस्त्यापेक्षा पुरुषभर उंच झाला. गावचा रस्ता होता तिथंच राहिला. त्यामुळं शेवटच्या टप्प्यात आम्हाला एकदम चढ चढावा लागतो. स्कुटीवर असलेल्या पोरीला वर येईपर्यंत मोठ्या रस्त्यावरचं काही दिसत नाही. बरं, चढावर थांबावं तर गाडी मागं सरकते. म्हणून ती काय करते, तर गाडीला जोर देते आणि त्या जोरातच हायवेवर येते. बघायचं आधी आणि निघायचं नंतर, हे शाळेत शिकवलेलं आमच्या फाट्यावर उलटं होतं.

दुसरी गोष्ट डिव्हायडरची. तो अरुंद आहे. माणूस त्यावर उभं राहू शकतं, मोटारसायकल कशीबशी आडवी राहते. पण हळदीनं भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर मधल्या कटमध्ये आला की त्याचं तोंड पुढच्या रस्त्यावर आणि ट्रॉलीचं शेपूट मागच्या रस्त्यावर. दोन्हीकडून गाड्या येत असतात आणि ट्रॅक्टरवाला मध्ये अडकलेला असतो. रात्री त्या शेपटाला ना दिवा असतो ना चमकणारी पट्टी.

तिसरी गोष्ट, शाळा रस्त्याच्या पलीकडं आणि एसटी थांबते तीही पलीकडं. गावातली जवळजवळ निम्मी शेतं पलीकडच्या शिवारात. म्हणजे रस्ता ओलांडणं आम्हाला कधीमधी नाही, दिवसातून चारदा लागतं.

मागच्या सोयाबीनच्या सुगीत आमच्या गटातली एक बाई याच फाट्यावर गेली. तिच्या घरच्यांना नको आहे म्हणून नाव सांगत नाही. दिवस बुडाला होता. आम्ही पाचजणी काढणीवरून येत होतो, ऑटोवाल्यानं पलीकडं उतरवलं. चौघी पुढं निघालो. ती विळा आणि डबा सावरत दोन पावलं मागं राहिली. आम्ही डिव्हायडरवर चढलो तेव्हा ती रस्त्याच्या मध्यावर होती. बाकीचं सांगत नाही. आम्हाला सांगवत नाही आणि तुम्हाला ऐकून उपयोग नाही.

उपयोग आहे तो नंतर जे बोललं गेलं त्याचा. मयतीला आलेल्या माणसांनी म्हटलं, बाईनं बघून यायला पाहिजे होतं. काहींनी म्हटलं, ड्रायव्हर बेभान चालवत होता. काहींनी म्हटलं, तिची वेळ भरली होती. आम्ही तेव्हा खाली मान घालून ऐकलं. आम्ही चौघी तर स्वतःलाच दोष देत होतो, की तिचा हात का धरला नाही. रस्त्याचं नाव मात्र कोणीच घेतलं नाही. जणू रस्ता पावसासारखा वरून पडलेला असतो आणि त्याला कोणी बनवलेलंच नसतं.

दहावं-तेरावं झालं. मग गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते बाजूला राहिले आणि हाच विषय निघाला. आमच्यातल्या एकीची मुलगी बारावीला आहे, सायन्सला. ती म्हणाली, काकू, रडण्यापेक्षा मोजून बघू ना. आम्हाला ते पटलं. एका रविवारी सकाळी विहिरीचा दोर घेतला, त्यावर बरोबर १० मीटरची खूण केली, आणि फाट्यावर गेलो. लोक हसले. म्हणाले, बायका रस्ता मोजायला लागल्या, आता सातबारा काढतील.

रस्त्याची एक बाजू, म्हणजे काठापासून डिव्हायडरपर्यंत, साडेआठ मीटर भरली. मग मोबाईलच्या घड्याळावर वेळ लावला. बारावीची पोर रिकाम्या हातानं ७ सेकंदांत गेली. आमची सगळ्यात वडीलधारी आजी डोक्यावर भारा घेऊन गेली, तिला ११ सेकंद लागले. नंतर दुसरं माप घेतलं. फाट्याच्या काठावर उभं राहून वळणाकडून येणारी गाडी किती लांबून दिसते? एक बाई काठावर, दुसऱ्या दोघी दोर टाकत साईडपट्टीनं पुढं. नऊ दोर झाले आणि काठावरची म्हणाली, आता तुम्ही दिसत नाही. म्हणजे ९० मीटर.

आता हिशेब ऐका, अवघड नाही. ताशी ८० च्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर येते. ९० मीटर यायला तिला ४ सेकंद लागतात. आम्हाला ओलांडायला ७ ते ११ लागतात. म्हणजे बाईनं दोन्हीकडं नीट पाहिलं, रस्ता रिकामा आहे म्हणून पाऊल टाकलं, तरी गाडी दिसते तेव्हा ती रस्त्याच्या मध्यावर असते. आणि ड्रायव्हरचं काय? रस्ते बांधण्याच्या आपल्या देशाच्या नियमांत लिहिलेलं आहे की ८० च्या वेगाला गाडी सुरक्षित थांबवायची तर १२० मीटर पुढचं दिसायला हवं. आमच्याकडं ९० दिसत होतं. म्हणजे तो शुद्धीत असता, जागा असता, ब्रेकवर पाय असता, तरी त्याच्या हातात पुरेसा रस्ताच नव्हता.

तो हिशेब वहीत लिहिला तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग आजी म्हणाली, म्हणजे तिनं बघितलं होतं. एवढंच म्हणाली. तिच्या सासूला आम्ही त्याच संध्याकाळी जाऊन वही दाखवली. तिला आकडे कळले नाहीत, पण आमच्या पोरीनं अंगणात खडे मांडून समजावलं. सून आंधळ्यासारखी गेली नव्हती, हे तिला कळलं. त्या घराला हे कळणं फार गरजेचं होतं.

आता ज्या गोष्टीची आम्हाला लाज वाटते ती पण सांगतो. ते ९० मीटर कशामुळं होते? वळण होतंच. पण वळणाच्या आतल्या बाजूला काय होतं? एक चहाचं हॉटेल, एक पानटपरी, आणि दोन बांबूंवर बांधलेला भला मोठा बॅनर. बॅनर कोणाचा, तर गावातल्याच एका होतकरू पोराच्या वाढदिवसाचा. वाढदिवस होऊन चार महिने झाले होते. गॉगल लावलेला तो पोरगा आणि त्याचे चाळीस शुभेच्छुक आमच्या आणि गाड्यांच्या मध्ये उभे होते. आणि पानटपरी कोणाची, तर आमच्याच गटातल्या बाईच्या मालकाची. डिव्हायडरमधला कट तरी कोणी पाडला? कागदावर तो तिथं नाहीच. वळायची जागा दीड किलोमीटर पुढं दिलेली आहे. तेवढं कोण जाणार, म्हणून गावातल्या गड्यांनी एका रात्री दगड काढून वाट केली. ट्रॅक्टर, मोटारसायकली सगळे तिथूनच जातात. आपणही गेलोय, खोटं कशाला बोला.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी घरातून सुरुवात. ग्रामसभेत विषय मांडला. बॅनरवाल्या पोराला म्हटलं, बाळा, तुझा वाढदिवस शंभर वेळा येवो, पण तो रस्त्याच्या कोपऱ्यावर नको. त्यानं बिचाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी काढला. टपरीचं सोपं गेलं नाही. तिच्यावर एक घर चालतं. आमची मैत्रीण दोन बैठकांना आली नाही. शेवटी गटानं मिळून ठरवलं, टपरी बंद करायची नाही, वीस पावलं मागं घ्यायची. हलवण्याचा खर्च गटाच्या पैशातून बिनव्याजी दिला. हॉटेलवाल्यानं पुढचा पत्रा काढला. पुन्हा दोर घेऊन गेलो. तेरा दोर भरले. नव्वदचे एकशेतीस मीटर झाले, आणि सरकारचा एक रुपया लागला नाही.

पण एकशेतीस म्हणजे ८० च्या वेगाला ६ सेकंद. आजीचे ११ आहेत. बाकीचे ५ सेकंद आम्ही कुठून आणणार? ते रस्त्यानंच द्यायला पाहिजेत. हीच गाडी ४० च्या वेगानं आली तर तेवढ्याच अंतराला तिला जवळजवळ १२ सेकंद लागतात. मग आजीसुद्धा पोहोचते. म्हणजे आमची मागणी काय, तर फाट्यावर गाड्यांचा वेग निम्मा व्हावा आणि आमचा चढ संपल्यावर गाडी थांबेल एवढी सपाट जागा मिळावी.

ही मागणी घेऊन आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा म्हणाले, तुमचा फाटा ब्लॅकस्पॉटमध्ये नाही. ब्लॅकस्पॉट म्हणजे काय ते आम्ही तिथंच विचारून घेतलं, तुम्हीही ऐकून ठेवा. केंद्र सरकारनं २०१५ साली राष्ट्रीय महामार्गांसाठी ठरवलंय की सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा ३ वर्षांत १० माणसं गेली, तर ती जागा ब्लॅकस्पॉट. आमच्या फाट्यावर पाय मोडलेले, डोक्याला टाके पडलेले कितीतरी आहेत. पण नोंद कुठाय? जागेवरच तडजोड होते. समोरचा दवाखान्याचे पैसे देतो, आपण म्हणतो, जाऊ द्या, कोर्टकचेरी कोण करील. ज्या अपघाताचा कागद नाही तो झालाच नाही असं यादी समजते. हे कळल्यावर आम्हाला राग यादीचा आला आणि आमचाही आला.

आणखी एक विचार मनात आला. ब्लॅकस्पॉट व्हायला माणसं मरावी लागतात, मग मरायच्या आधी काहीच करता येत नाही का? येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणं केली नाही आणि त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, गुत्तेदाराला, सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम मोठी नाही. पण रस्त्याचीसुद्धा चूक असते हे कायद्यानं मान्य केलं, ते आम्हाला मोठं वाटलं. जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते, कलेक्टर साहेब तिचे अध्यक्ष असतात. तिच्याकडं निवेदन देता येतं. आम्ही दिलं. सोबत वहीतलं माप, दोराचा नकाशा आणि फोटो जोडले, आणि शिक्का मारलेली पोच घेतली. पोचेशिवाय निवेदन देऊ नका बायांनो.

त्यानंतर एक तरुण इंजिनियर जागा बघायला आले. माणूस सरळ होता. आमची वही त्यांनी शांतपणे वाचली. मग म्हणाले, काकू, खरं सांगू का, मी हे वर लिहिलं तर सगळ्यात आधी तुमचा कट बंद होईल.

त्या रात्री बैठकीत भांडणं झाली. एकी म्हणाल्या, बंद होऊ दे, जीव तर वाचतील. दुसऱ्या म्हणाल्या, बंद झाला तर पोरींनी शाळेला कसं जायचं? दीड किलोमीटर तिकडं, दीड इकडं. मोटारसायकलवाले तेवढं जाणार आहेत का? ते उलट्या बाजूनं घुसतील, म्हणजे समोरासमोर धडका. आणि ज्या घरात पोरीची शाळा आधीच डोळ्यावर आलेली आहे, त्या घराला तर निमित्तच मिळेल. रस्ता धोक्याचा आहे, बस्स झालं शिक्षण. हे बोलणं झालं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या, कारण दोन घरांत ते खरंच सुरू झालं होतं.

शेवटी आम्ही लिहून दिलं ते असं. कट बंद करायचा तर आधी पायी जाणाऱ्यांसाठी खालून वाट द्या, किंवा कट नीट बांधून द्या, ट्रॅक्टर मावेल एवढा रुंद. तोपर्यंत वेग कमी करा, उजेड द्या, चढ सपाट करा. नुसतं बंद करून माणसाची गरज बंद होत नाही.

या गोष्टीला सहा महिने झाले. मिळालं काय? दोन्ही बाजूंना पांढऱ्या जाड पट्ट्या आल्या, ज्यांच्यावरून गाडी गेली की खडखड वाजते. गावातल्यासारखा मोठा ब्रेकर हायवेवर घालत नाहीत, वेगातली गाडी त्यावर उधळू शकते, म्हणून या पट्ट्या. पुढं शाळा आहे अशी पाटी आली. एक उंच दिवा आला, तो पंधरा दिवस बंद असतो आणि फोन केला की चालू होतो. गाड्या थोड्या हळू झाल्यात, पण चाळीसवर आलेल्या नाहीत. चढ तसाच आहे. खालच्या वाटेचा प्रस्ताव गेलाय म्हणतात. आम्ही दर महिन्याला एका बाईची पाळी लावलीय, तिनं जाऊन विचारायचं, तो कागद कुठं पोहोचला. कागदाला पाय नसतात, त्याला हाताला धरून न्यावं लागतं.

दरम्यान हळदीचा हंगाम आला. गटातून चमकणाऱ्या पट्ट्या आणल्या आणि गावातल्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागं लावल्या. ज्यानं लावू दिली नाही त्याच्या बायकोला सांगितलं, मग लागली. शाळेच्या वेळी दोघीजणी फाट्यावर थांबतात. पोरं एकेकटी सोडत नाही, घोळक्यानं नेतो. कोणी मागं दोन पावलं राहत नाही.

रास्ता रोको का नाही केला, असं पुष्कळ जण विचारतात. करायचा हक्क आहे. पण तो दिवसभर चालतो, संध्याकाळी आश्वासन मिळतं आणि दुसऱ्या दिवशी गाड्या तेवढ्याच वेगानं धावतात. मापाची वही मात्र कोणाला खोटी म्हणता आली नाही.

आमच्यासारखं दुखणं मोठ्या शहरांनाही आहे. पुण्याच्या नवले पुलाचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून लांब उतार आहे, जड गाड्यांचे ब्रेक फसतात आणि पुढच्या गाड्या सापडतात. तिथं दर वेळी ड्रायव्हर वेगळा असतो, उतार तोच असतो. आणि गेल्या २०२५ च्या एप्रिलमधलं दुःख तर आपल्याच जिल्ह्याचं. वसमत तालुक्यातल्या गुंजच्या सात बाया शेतावर कामाला निघाल्या आणि नांदेडच्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत जाऊन गेल्या. तो काही फाटा नव्हता. पण कामाला जायची वाटच बाईच्या जिवावर उठावी, हे दुःख एकच आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. एवढ्यात आपली किती गावं बसतील याचा विचार करा.

तिकडं स्वीडन नावाच्या देशानं १९९७ साली आपल्या संसदेत ठरवलं की रस्त्यावर माणसं मरणं ही मान्य करायची गोष्टच नाही. त्यांचं म्हणणं असं की माणूस चुकणारच, म्हणून रस्ता असा करायचा की चुकीची शिक्षा मरण होऊ नये. आपल्याला त्यात नवीन काय आहे? चुलीजवळ लेकरू खेळत असेल तर आपण लेकराला फक्त रागवत नाही, आधाणाचं भांडंही मागं सारतो.

जाताना काही गोष्टी सांगतो, लिहून घ्या. अपघात दिसला तर १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला उचलायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास द्यायचा नाही आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करायची नाही, असं कायद्याच्या १३४-अ कलमाखालच्या नियमांत लिहिलंय. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या दवाखान्यात पहिले ७ दिवस दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता मिळायची योजना आहे, तिची विचारणा तिथंच करा. आणि अपघात लहान असला तरी नोंद करा.

आणि या रविवारी एक दोर घ्या. १० मीटरची खूण करा. तुमच्या फाट्यावर जा, पण मापं घेताना रस्त्याच्या काठानंच चाला आणि एकीला गाड्यांवर नजर ठेवायला उभी करा. गाडी किती दोरांवरून दिसते, आणि तुमच्या आजीला ओलांडायला किती सेकंद लागतात, एवढं लिहा. आकडे जुळत नसतील तर ती वही घेऊन आमच्याकडं या. निवेदन कसं लिहायचं ते आम्ही दाखवू.

आमच्या मैत्रिणीची पोरगी आता नववीला आहे. ती रोज त्याच फाट्यावरून शाळेला जाते. आम्ही तिचा हात धरतो. तिला तो आवडत नाही, मोठी झालीय ना. पण खालची वाट होईपर्यंत आम्ही काही सोडणार नाही.